ज्याच्याकडे काहीच सापडलं नाही त्यालाही १० वर्षं? एनडीपीएसच्या कटात शिक्षा ठरते तरी कशी

सांजवात (रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. एरवी मी बागकामाच्या धाग्यांवर असते, आज हा विषय काढतेय कारण घरात कुणाशी बोलायची सोय नाहीये. माझ्या मोठ्या बहिणीच्या मुलाला, वय २७, गेल्या गुरुवारी विशेष न्यायालयानं १० वर्षं सक्तमजुरी आणि १ लाख दंड सुनावला, दंड नाही भरला तर अजून १ वर्ष. केस गांजाची, एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालची. हैदराबादकडून सोलापूरला येणाऱ्या टेम्पोत २ गोण्या सापडल्या, वजन २३ किलो ४०० ग्रॅम. टेम्पोत भाचा नव्हता, त्या रात्री तो आमच्याच घरी बारशाच्या पंगतीत वाढत होता, मी स्वतः त्याच्या हातात श्रीखंडाचं पातेलं दिलं होतं. त्यानं टेम्पो ठरवून दिला आणि ड्रायव्हरचा नंबर पुढे पाठवला एवढंच. तो ३ वर्षं ४ महिने आत आहे, जामीन एकदाही मिळाला नाही.

ज्याचा माल होता त्याला १०, ड्रायव्हरला १०, आणि ह्यालाही १०. ताई एकच विचारत बसते, की तिघांना सारखंच कसं गं? मला उत्तर देता येत नाही. कुणाला माहिती असेल तर सोप्या भाषेत सांगा, प्लीज.

काळाकोट (रात्री १०:५१)

ताई, मी सेशन्सला प्रॅक्टिस करतो, यातल्या बऱ्याच केसेस बचावाच्या बाजूनं केल्यात. निकाल न वाचता तुमच्या केसबद्दल ठाम बोलणार नाही, पण "सारखंच कसं" याचं उत्तर कलम २९ मध्ये आहे. त्यात म्हटलंय की एनडीपीएसमधल्या गुन्ह्याला चिथावणी देणाऱ्याला किंवा त्याच्या कटात सामील असणाऱ्याला, गुन्हा प्रत्यक्षात घडो वा न घडो, मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. कटासाठी वेगळा, हलका असा दर नाहीच. त्यामुळे कोण म्होरक्या, कोण हमाल, कुणी फक्त फोन केला हे माणूस म्हणून आपल्याला कितीही वेगळं वाटलं तरी कायद्याच्या तक्त्यात सगळे एकाच ओळीत बसतात, आणि ती ओळ ठरते मालाच्या वजनावर.

गांजाला २० किलोच्या वर गेलं की ती व्यापारी मात्रा. तिथे कमीत कमी १० वर्षं, जास्तीत जास्त २०, दंड १ ते २ लाख, आणि कारणं लिहून दंड त्याच्याही वर नेता येतो. १० च्या खाली यायचा अधिकार न्यायाधीशाला नाही. म्हणजे तुमच्या भाच्याला कोर्टानं दिलीये ती सगळ्यात कमी शिक्षा. ऐकायला वाईट वाटेल पण तसंच आहे.

दादरकर (रात्री ११:०५)

म्हणजे सगळा खेळ तराजूचा? १९ किलो असता तर?

काळाकोट (रात्री ११:३०)

तर चित्रच पालटलं असतं. गांजा १ किलोपर्यंत अल्प मात्रा, तिथे फार तर १ वर्ष किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १ ते २० च्या मधे १० वर्षांपर्यंत, पण खालची मर्यादाच नाही, २ वर्षंही देता येतात. तिथे न्यायाधीश खरोखर माणसाकडे बघून शिक्षा ठरवू शकतो, वय काय, पहिलाच गुन्हा आहे का, त्यानं नक्की काय केलं. २० च्या पलीकडे ते दार बंद. जामिनाचंही तेच, व्यापारी मात्रा आली की कलम ३७ लागतं, म्हणजे हा माणूस दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे आणि बाहेर गेला तर पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी कोर्टाची खात्री पटायला लागते. म्हणून ३ वर्षं ४ महिने.

बाकी मालांचे आकडे बघितलेत तर दचकाल. चरस १ किलो, हेरॉइन २५० ग्रॅम, कोकेन १०० ग्रॅम, एमडी म्हणजे मेफेड्रोन ५० ग्रॅम, एमडीएमए फक्त १० ग्रॅम, एलएसडी तर ०.१ ग्रॅम. यापुढे गेलं की किमान १० वर्षं.

आणि वजन म्हणजे नुसत्या शुद्ध मालाचं नाही बरं का. २००८ साली मायकेल राज केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं होतं की पुडीत खरं हेरॉइन किती तेवढंच मोजा. मग २००९ ला सरकारनं अधिसूचना काढली की अख्खं मिश्रण मोजायचं, आणि एप्रिल २०२० ला हीरा सिंग निकालात ३ न्यायमूर्तींनी तेच कायम केलं. आता पावडरीत भेसळ असली तरी भेसळीसकट वजन. एलएसडीचा थेंब ज्या कागदावर असतो तो कागदही मोजायचा असं मुंबई हायकोर्टानं २०२३ ला म्हटलंय. माझं वैयक्तिक मत, कटातल्या शेवटच्या माणसावर हे फार जड पडतं, कारण त्यानं ना माल पाहिलेला असतो ना त्याला वजन ठाऊक असतं.

निवृत्त_शिरस्तेदार (सकाळी ६:४०)

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी कोर्टात बसून ३१ वर्षं जे पाहिलं ते सांगतो. आरोपी दोषी ठरला की लगेच शिक्षा होत नाही, त्याला शिक्षेच्या मुद्द्यावर ऐकून घ्यावंच लागतं. न्यायाधीश विचारतात, "तुम्हाला शिक्षेबद्दल काही सांगायचंय का?" ही साधी विचारणा आहे, पण कोर्टहॉल त्या क्षणी इतका गप्प होतो की पंख्याची घरघर ऐकू येते. एक पोरगा मला आठवतो, चरसच्या कटात होता, २४-२५ चा असेल. तो म्हणाला, "साहेब, माझी मुलगी जूनला पहिलीत जाणारे, तिला मी शाळेत सोडीन म्हटलं होतं." साहेबांनी पेन खाली ठेवलं. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग साहेब म्हणाले, "मला दहाच्या खाली जाता येत नाही रे." आणि जेवणाच्या सुट्टीनंतर १० वर्षं लिहून दिली. टायपिंग मीच केलं होतं.

त्या वेळी वकील लोक म्हातारे आईवडील, लहान मुलं, पहिला गुन्हा हे सगळं सांगतात, आणि सांगावंच. पण व्यापारी मात्रेत त्याचा उपयोग १० ची १२ किंवा १५ होऊ नये एवढ्यापुरताच. १० ची ८ त्यानं होत नाही. नातेवाइकांना ही गोष्ट आधी कुणी समजावून सांगत नाही, ते शिक्षेच्या दिवशी आशेनं येतात आणि तिथे जिन्यात बसून रडतात. ३१ वर्षांत मला सगळ्यात जास्त वाईट त्याचंच वाटलं.

एक_बाप (सकाळी ९:१५)

मी दुसऱ्या बाजूनं बोलणार आहे, सांजवातताई, तुमच्या दुःखाचा अनादर नाही. माझा मुलगा एमडीवर होता. १९ वर्षांचा. त्याच्या उशीच्या अभ्र्यात मला नखाएवढ्या झिपच्या पिशव्या सापडल्या, रिकाम्या, चाटून पुसलेल्या. २ वेळा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला. आज तो आमच्यात नाही. त्या पिशवीपर्यंत माल येतो तो कुणीतरी टेम्पो ठरवून देतो म्हणूनच येतो ना? नंबर देणारा, भाडं ठरवणारा, गोदामाची किल्ली देणारा, हे सगळे "मी काय केलं" म्हणतात. ह्यातला एकजण जरी नाही म्हणाला असता तर साखळी तुटली असती. मला १० वर्षं जास्त वाटत नाहीत.

मला राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. २०२४ ला कुरकुंभला एमआयडीसीत कारखान्यात एमडी बनत होतं. किलोंनी नाही, क्विंटलांनी. असं बनवणाऱ्याला आणि टेम्पो ठरवणाऱ्याला जर एकाच कलमाखाली तीच १० वर्षं मिळणार असतील तर मग न्याय कुठे झाला?

काळाकोट (सकाळी १०:२०)

दादा, तुमचं वाचून जरा थांबलो. तुमचा प्रश्न बरोबर आहे, फक्त तो १० च्या खालचा नाही, वरचा आहे, आणि वर चढवायची शिडी कायद्यात दिलेली आहे. कलम ३२-ब. किमान शिक्षेपेक्षा जास्त द्यायची तर काय काय बघायचं ते तिथे लिहिलंय. हत्यार किंवा दमदाटी वापरली का, सरकारी पदाचा गैरफायदा घेतला का, अल्पवयीन मुलांना यात ओढलं का, शाळा-कॉलेजच्या आसपास धंदा चालला का, संघटित टोळीतला आहे का, आणि या धंद्याच्या जोरावर दुसरे बेकायदा उद्योग चालवले का. म्हणजे भूमिकेला किंमत आहे, पण ती चढतानाच मोजतात, उतरताना नाही. या कायद्याची खरी गाठ मला इथेच दिसते.

नुसतं वजन प्रचंड आहे म्हणून १० च्या वर जाता येतं का, यावर बरेच दिवस वाद होता. २०१९ ला रफिक कुरेशी केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जाता येतं, ३२-ब मधल्या गोष्टी सोडून कोर्टाला योग्य वाटतील ती कारणंही धरता येतात, वजन त्यातलंच एक. पण त्याच केसमध्ये १६ वर्षांची शिक्षा १२ वर आणली. मग २०२१ ला गुरदेव सिंग, १ किलो हेरॉइन, म्हणजे व्यापारी मात्रेच्या ४ पट. गरीब आहे, फक्त वाहून नेणारा आहे, पहिलाच गुन्हा आहे असं सगळं सांगून झालं तरी १५ वर्षं कायम. कोर्टाचा सूर तुमच्यासारखाच होता, खून करणारा एकदोघांना मारतो, हा धंदा करणारा कितीतरी तरण्याताठ्या पोरांच्या मरणाला कारण होतो.

पैसा लावणाऱ्यासाठी वेगळं कलम २७-अ आहे, तिथे १० ते २०. कमावलेली मालमत्ता जप्त होते ते आणखी वेगळं. दुसऱ्यांदा सापडला तर दोन्ही मर्यादा दीडपट, १५ ते ३०. काही गुन्ह्यांत ठरावीक वजनाच्या वर दुसऱ्यांदा दोषी ठरला तर फाशीही देता येते, पूर्वी ती सक्तीची होती, २०११ ला मुंबई हायकोर्टानं ती सक्ती काढली आणि २०१४ च्या दुरुस्तीत कायद्यातही तसाच बदल झाला. आणि दोन वेगळ्या केसेसमध्ये शिक्षा झाली तर त्या एकापाठोपाठ एक भोगायच्या, एकत्र नाही, कोर्टानं मुद्दाम तसं सांगितलं नसेल तर. मोहम्मद झाहिद म्हणून २०२१ चा निकाल आहे, अमृतसरच्या केसमधले १२ आणि दिल्लीच्या केसमधले १५, झाले २७.

न्यूजर्सीकर_अभि (सकाळी ११:०२)

इथे अमेरिकेत पण फेडरल कायद्यात कटाला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे आणि किमान शिक्षाही वजनावरच. कोकेन ५०० ग्रॅम झालं की ५ वर्षं, ५ किलो झालं की १०. पण फरक असा की शिक्षा काढताना अख्ख्या टोळीचा माल सरसकट प्रत्येकाच्या माथी मारत नाहीत. सगळ्यांनी मिळून जे करायचं ठरवलं त्यात हा माणूस किती होता आणि त्याला कशाची कल्पना असू शकत होती तेवढं वजन त्याच्या नावावर धरतात. भूमिका किरकोळ असेल तर शिक्षा ठरवायच्या तक्त्यातले गुण कमी होतात, हत्यार नाही, मागचा गुन्हा फारसा नाही आणि सगळं खरं सांगितलं तर किमान शिक्षेच्या खाली जायची वाटही आहे. २००५ च्या बुकर निकालापासून तो गुणांचा तक्ता न्यायाधीशावर बंधनकारक राहिलेला नाही. तरीही इथे लोक म्हणतात की छोटे मासेच जास्त सापडतात, कारण मोठ्याकडे पोलिसांना सांगण्यासारखं बरंच असतं आणि पोऱ्याकडे काहीच नसतं.

काळाकोट (सकाळी ११:४०)

अभि, "किती माल त्याच्या नावावर" हा प्रश्न आपल्याकडे शिक्षेच्या दिवशी विचारायची सोय नाही. तो आधीच, कट सिद्ध होतो की नाही तिथेच लढावा लागतो. एकदा कटात धरलं की अख्खं वजन त्याचं.

सांजवात (दुपारी ३:२५)

सगळ्यांचे आभार. एक_बाप दादा, तुमचं वाचल्यावर मी तासभर काही लिहू शकले नाही. तुम्ही बोललात ते बरं केलंत.

निकाल ६२ पानी आहे, इंग्रजीत आहे, माझ्या मुलीनं मोबाईलवर वाचून दाखवला. भाच्याविरुद्ध तीन गोष्टी धरल्यात. त्या ४ दिवसांत माल ज्याचा त्याच्याशी १७ वेळा फोन झाला. त्याच्या खात्यात ८,००० रुपये आले. आणि ड्रायव्हरनं पकडल्यावर पोलिसांना ह्याचं नाव सांगितलं. वकीलसाहेब, एवढ्यावर कट होतो?

काळाकोट (संध्याकाळी ५:१०)

आता मुद्द्याला हात घातलात ताई. तिसरी गोष्ट आधी काढून टाका. पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा होत नाही, हे जुनंच आहे. एनसीबीवाले, म्हणजे केंद्राची अमली पदार्थविरोधी यंत्रणा, वगैरे कलम ६७ खाली जबाब घ्यायचे ते मात्र पूर्वी चालायचे, तेही ऑक्टोबर २०२० ला तोफान सिंग निकालानं बंद झालं, २ विरुद्ध १ असा निकाल होता. तेव्हा ड्रायव्हरच्या तोंडचं नाव हा आधार असेल तर अपिलात तो टिकायला नको.

१७ फोन. फोन झाला हे सीडीआर, म्हणजे फोन कंपनीची कॉलची नोंद, सांगतं, काय बोलणं झालं ते सांगत नाही. कटाचा गाभा म्हणजे संगनमत, दोघांचं मिळून ठरणं. नुसती ओळख, उठबस किंवा बोलणं म्हणजे कट नाही, हे राजीव गांधी हत्येच्या खटल्यात १९९९ ला सुप्रीम कोर्टानं नीट मांडलंय. २०२१ च्या मुंबईच्या क्रूझ केसमध्ये हायकोर्टानं जामीन देताना हेच म्हटलं, एकाच जहाजावर होते म्हणून कट होत नाही, चॅटमध्येही तसं काही दिसत नाही. सीडीआरचं प्रमाणपत्र नियमाप्रमाणे जोडलंय का तेही बघा.

पण ८,००० वर मला तुम्हाला एक विचारायचंय आणि खरं सांगा. टेम्पो ठरवून दिल्याचं त्याला एरवी किती मिळायचं?

सांजवात (संध्याकाळी ६:३८)

५०० रुपये. कधी ७००. मला माहीत होतं तुम्ही हेच विचाराल. मी पण तिथेच अडकलेय. ताईला अजून हा प्रश्न सुचलेला नाही आणि मी तिला तो विचारलेला नाही.

काळाकोट (संध्याकाळी ७:१५)

खरं सांगितलंत, आभार. कोर्ट तिथेच बोट ठेवणार. ५०० च्या कामाचे ८,००० कुणी का देईल, याचं पटेल असं उत्तर नसेल तर "त्याला माहीत होतं" असा अर्थ निघतो. कलम ३५ प्रमाणे कोर्ट गुन्हेगारी हेतू गृहीत धरून चालतं, तो नव्हता हे आरोपीनं दाखवायचं, आणि तेही संशयाला जागा न ठेवता. २००८ च्या नूर आगा निकालानं एवढं मात्र केलं की सरकार पक्षानं आधी पायाभूत गोष्टी सिद्ध करायच्या, मगच ते गृहीतक लागू. ते पैसे कशाचे होते, उसने, जुनं भाडं, काहीही असेल तर ते जबाबात, उलटतपासणीत आलंय का ते शोधा. आता अपिलात नवीन गोष्ट रचू नका, कुणी सुचवली तरी.

दुसरी बाजू वजनाची. २३ किलो ४०० म्हणजे रेषेच्या वर फक्त ३ किलो ४०० ग्रॅम. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळाचे शेंडे, बिया आणि पानं शेंड्यांसोबत नसतील तर ती धरायची नाहीत. बरेचदा देठ, पानं, काड्या सगळं गोणीत कोंबलेलं तसंच काट्यावर चढतं. पंचनाम्यात वजन गोणीसकट आहे की रिकाम्या गोणीचं वजा केलंय, माल कसा दिसत होता असं लिहिलंय, नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढलेत का, केमिकल अ‍ॅनालायझरच्या अहवालात शेंड्यांचा उल्लेख आहे का, हे सगळं बघा. २० च्या खाली आलं तर किमान शिक्षेचं बंधनच जातं आणि मग ३ वर्षं ४ महिने भोगलेत ते फार मोठे ठरतात. मात्र खोटी आशा देत नाही, रिकामी गोणी किलोभराचीही नसते. सगळं पानं-देठांवर आहे.

अपिलाची मुदत हायकोर्टात ६० दिवस, नकलेला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर त्यात येतं, त्यामुळे मुंबईच्या खेपा वाचतील. खर्चाची चिंता असेल तर जो तुरुंगात आहे त्याला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, विधी सेवा समितीकडे अर्ज करा, तुरुंगातूनही अपील पाठवता येतं. दंडाबद्दल, न भरल्यास १ वर्ष हेही कमी होऊ शकतं, २००७ च्या शांतीलाल केसमध्ये सुप्रीम कोर्टानं असेच ३ वर्षांचे ६ महिने केले होते.

दादरकर (संध्याकाळी ७:४०)

अपील चालू असताना बाहेर येईल का तो? आणि चांगल्या वागणुकीची सूट वगैरे?

काळाकोट (रात्री ८:०५)

सूट नाही. कलम ३२-अ मुळे एनडीपीएसच्या कैद्याला शिक्षामाफी मिळत नाही, त्यामुळे इथे १० म्हणजे १०, आधी आत काढलेले दिवस तेवढे वजा. पूर्वी हेच कलम शिक्षा स्थगितीच्याही आड यायचं, २००० साली दादू ऊर्फ तुलसीदास विरुद्ध महाराष्ट्र राज्य या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं ती आडकाठी काढली. पॅरोललाही हे कलम आड येत नाही असं त्यातच म्हटलंय. पण स्थगिती मागताना कलम ३७ च्या अटी पुन्हा समोर येतात. अवघड आहे, तरी अर्ज करायचाच.

निवृत्त_शिरस्तेदार (रात्री ८:३०)

ताई, नकलेचा अर्ज करताना फक्त निकालाची नका मागू. पंचनामा, सीए म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझरचा रिपोर्ट, तपास अधिकाऱ्याची आणि दोन्ही पंचांची साक्ष, मुद्देमाल पावती, सगळ्याची मागा. अर्जावर "तातडीची" असं लिहा. खिडकी दुपारी लवकर बंद होते, सकाळीच जा.

एक_बाप (रात्री ९:०२)

मी माझ्या मतावर आहे. पण वजन खरं काय होतं ते कळायलाच हवं, ते चुकीचं असेल तर १० वर्षंही चुकीचीच. सोलापुरात झेरॉक्स, धावपळ, काही लागलं तर मला व्यक्तिगत निरोप करा, मी अक्कलकोट रोडला राहतो.

सांजवात (दुसऱ्या दिवशी, दुपारी १:५०)

सकाळी गेले होते. निकालाची नकल मिळायला ४ दिवस म्हणाले, पण जुन्या वकिलांच्या फाइलीत पंचनाम्याची झेरॉक्स होती ती आणली. हातानं लिहिलेला आहे, मराठीत. दुसऱ्या पानावर असं आहे, "हिरवट रंगाचा, पाने, बिया, काड्या व शेंडे असलेला उग्र वासाचा पदार्थ, गोणीसह वजन." पहिली गोणी ११ किलो ९००, दुसरी ११ किलो ५००. रिकाम्या गोणीचं वजन कुठेच लिहिलेलं नाही. पाने आणि शेंडे एकत्र लिहिलंय म्हणजे ते आपल्या विरुद्धच जातं का, वकीलसाहेब? ताई शेजारी बसलीये, पण ८,००० चं मी तिला अजून सांगितलेलं नाही. शनिवारी भेटीला जाणार आहोत, तेव्हा त्याच्याच तोंडून ऐकायचं ठरवलंय.

काळाकोट (दुपारी २:२०)

पानं-बिया शेंड्यांसोबत असतील तर सरकार पक्ष म्हणणार की सगळंच मोजा. पण "काड्या" हा शब्द गांजाच्या व्याख्येत कुठेच नाही. त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारा आणि पंचांच्या साक्षीत ती काय म्हणून आलीये ते बघा. शनिवारी त्याला भेटाल तेव्हा वकीलपत्रावर त्याची सही लागेल, ती जेलरसमोरच घ्यायची, कोरा फॉर्म सोबत न्या.